पहाटेचे साडेबारा

समीक्षा म्हटलं की कविता-कादंबरी डोळ्यांसमोर येते. आज आम्ही एका संगणकीय फाइलीची समीक्षा करणार आहोत. ‘मोमेंट’ ही तारीख-वेळ हाताळणारी, २०११ सालची मुक्तस्रोत जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिच्यातली मराठी फाइल आपल्यासारख्याच मराठी माणसांनी लिहिली आहे.

आधी गुण पाहू. ‘एक महिनापूर्वी’ असं लिहिलं तर शाळेतलं पोरही हसेल. शब्दयोगी अव्यय लागलं की ‘एक महिना’चं ‘एका महिन्या’ व्हावं लागतं. म्हणून या फाइलीत दोन याद्या आहेत: एकीत सुटी रूपं, दुसरीत सामान्यरूपं. ‘पूर्वी’ जोडायचं असेल तेव्हा दुसरी यादी वापरायची. सामान्यरूपाचं हे भान कोडमध्ये उतरवणं, ही साधी गोष्ट नव्हे.

आता दोष. पहिला ‘मध्ये’चा. पुढे घडणाऱ्या गोष्टीला ही फाइल ‘एका तासामध्ये’ म्हणते. पण ‘तासाने येतो’ म्हणजे तास उलटल्यावर, आणि ‘तासामध्ये येतो’ म्हणजे तास संपायच्या आत. व्याकरण शुद्ध आहे, अर्थ मात्र निसटला.

दुसरा दोष गमतीचा. फाइलीच्या अलीकडच्या रूपात रात्री बारा ते सकाळी सहापर्यंतचा सगळा वेळ ‘पहाटे’. आता कोजागरी घ्या. सोलापुराहून हजारो माणसं पायी तुळजापूरला येतात. घरोघरी मध्यरात्री दूध आटतं. ते दूध आपण ‘पहाटे १२:३० वाजता’ पितो का? यंत्राचा दिवस बाराला बदलतो म्हणून आपली रात्र बाराला संपत नाही. काळ एकच, त्याचे भाग उपाधींमुळे पडतात, असं वैशेषिक म्हणतात. मग ती उपाधी कुणी लावायची, घड्याळानं की बोलणाऱ्या माणसानं?

सप्टेंबर २०२०मध्ये मोमेंटच्या सांभाळकर्त्यांनी नवी भर थांबवल्याचं जाहीर केलं. तरी तिच्यावर उभ्या असलेल्या वेबसाइट चालूच आहेत, आणि नव्या लायब्रऱ्यांनाही मराठी फाइल लागणारच. धाराशिवच्या कॉलेजांतली मुलं प्रोग्रामिंग शिकताहेत. त्यांना आमचं सांगणं एवढंच: नुसते शब्द बदलून पाठवू नका. वाक्य आधी घरात आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. तिनं भुवया उंचावल्या तर दुरुस्ती करा, तिच्यासाठी चाचणी लिहा, आणि मगच पुल रिक्वेस्ट पाठवा.