टाइमपास परवडतो कुणाला?

शिरड शहापूरला एसटीतून उतरलं की घरी पोचेपर्यंत किमान तिघं तरी विचारतात, ‘सध्या काय करायलास?’ पीएच.डी. म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘अन् मग पुढं?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. दुसऱ्याचं, चौथं वर्ष चालू झालं तरी, नाही. तुम्ही नेट-सेटची तयारी करत असाल, पेट देऊन गाईड शोधत असाल, तर हा दुसरा प्रश्न तुमच्याही वाट्याला आला असणार.

या प्रश्नावर गंभीर संशोधन झालेलं आहे, आणि मी ते बऱ्यापैकी उशिरा वाचलं. क्रेग जेफ्री या ब्रिटिश भूगोल-अभ्यासकाचं ‘टाइमपास : यूथ, क्लास अँड द पॉलिटिक्स ऑफ वेटिंग इन इंडिया’ हे पुस्तक 2010 साली स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं काढलं. क्षेत्र उत्तर प्रदेशातलं मेरठ. 1990च्या दशकात जेफ्रीनं तिथल्या सधन जाट शेतकऱ्यांचा अभ्यास केला आणि 2004-05 मध्ये तो तिथल्या कॉलेज-विद्यापीठाच्या पोरांमध्ये वावरला. पदव्यांवर पदव्या घेणारी, चहाच्या टपरीवर बसलेली ही पोरं स्वतःच्या दिवसाला ‘टाइमपास’ म्हणत. शब्द त्यांचा, जेफ्रीनं त्याची संकल्पना केली.

पुस्तकाची ताकद आधी सांगतो. वाट बघणं हा आळस किंवा वैयक्तिक अपयश आहे, असं आपण मनातून मानतो. जेफ्री दाखवतो की त्याला एक इतिहास आहे. उसावर बरं चाललेल्या शेतकऱ्यांनी पैसा पोरांच्या शिक्षणात घातला, सरकारी नोकरीवर डोळा ठेवून. नेमक्या तेव्हा नोकऱ्या आटल्या आणि त्यांच्यासाठी स्पर्धा वाढली. पदव्या हातात आल्या, पण त्या वटवायची खिडकी बंद. बोर्द्यूच्या सांस्कृतिक भांडवलाची कल्पना वर्गात रटाळ वाटली असेल तर ती इथं वाचा, एकदम कळेल. शिवाय ही पोरं नुसती बसून नव्हती. परीक्षांचा घोळ, विद्यापीठातला भ्रष्टाचार यांवर वेगवेगळ्या जातींची पोरं एकत्र येऊन आंदोलनं करत. त्यातलेच काही नेते मागच्या दारानं अधिकाऱ्यांशी जुळवूनही घेत. दोन्ही गोष्टी तो लिहितो, हे मला आवडलं.

आता माझी तक्रार. टपरीवर बसलेल्या पोराचा चहा कुणाच्या पैशाचा, हा प्रश्न पुस्तकात आहे, पण त्याचं उत्तर लवकर मिळून जातं. बापाकडं जमीन आहे, ऊस आहे, संपलं. हा हिशोब औंढा तालुक्यात आणून बघा. इथं बहुतेकांची शेती थोडी आणि पावसावरची. सोयाबीनचा भाव पडला की वसमत-नांदेडच्या खोलीचं भाडं थकतं. इथलं पोरगं चार वर्षं वाट बघत असेल, तर घरातलं दुसरं कुणीतरी काहीतरी सोडून देत असतं.

हे मी हवेत बोलत नाही. माझं पहिलं वर्ष फेलोशिपशिवाय गेलं. हळद विकून भागवलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. हे पुस्तक वाचल्यावर ती वही परत उघडली, तर हळदीच्या पैशात वर्ष निघणं शक्यच नव्हतं. त्याच वर्षी बहिणीचं बी.एड.चं ॲडमिशन ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून राहिलं होतं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. परवा तिला विचारलं, ‘त्या वर्षी तू काय करत होतीस?’ ती म्हणाली, ‘तुझं कधी होतंय ते बघत होते.’ रेकॉर्डर लावू का म्हटलं, तर नको म्हणाली.

जेफ्रीच्या पुस्तकात तरुण म्हणजे बहुतेक वेळा पुरुष. टपरीवर मुली नसतात, आणि टपरीवरून अभ्यास केला की त्या अभ्यासातही नसतात. परक्या पुरुष संशोधकाची अडचण मी समजू शकतो. पण शीर्षकात ‘तरुण’ म्हणताना ती अडचण शीर्षकापर्यंत पोचायला हवी होती. मुलीच्या वाट बघण्याला टाइमपास म्हणायची सोय नाही. तिची मुदत घरात ठरते. मुलांची मुदत जाहिरातीत छापलेली असते : एमपीएससीला खुल्या गटासाठी 38, मागासवर्गीयांसाठी 43, जेआरएफला सर्वसाधारण 30.

घर बघायचं असेल तर सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाचा. 2002ची कादंबरी, 2004चा साहित्य अकादमी पुरस्कार. शिकलेला एकनाथ नोकरीसाठी लागणारे पैसे नसल्यानं शेतीतच अडकतो, आणि त्याचं ताटकळणं आई-बाप-बायको-भाऊ सगळ्यांच्या अंगावर कसं येतं हे तिथं दिसतं. कादंबरी पुरावा नसते, हे खरं. पण कुणाला प्रश्न विचारायचे राहून गेले, हे ती सांगू शकते.

दुसरी गोष्ट, ‘टाइमपास’ या शब्दावर जेफ्री जरा जास्तच विश्वास ठेवतो असं मला वाटतं. आपल्याकडं पहाटे सहाला अभ्यासिकेत जागा धरणारा पोरगाही संध्याकाळी टपरीवर ‘काही नाही रे, टाइमपास’ म्हणतो. ही लाज झाकायची रीत आहे. 2023च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले. अशा शर्यतीत मी जीव तोडून पळतोय, हे चारचौघांत कबूल करायला छाती लागते. मुलाखतीत माणूस जे म्हणतो ते त्याच्या दिवसाच्या वेळापत्रकाशी ताडून बघायचं, हे तुमच्याही फिल्डवर्कला लागू आहे.

आणि आपलं काय? मेरठच्या पोरांना पदवी म्हणजे वाट बघायला मिळालेली बाकडी होती. पीएच.डी.ही तशीच नाही का? 18 जून 2024ची नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, नऊ लाखांवर परीक्षार्थींची. सहायक प्राध्यापकाला विद्यापीठात पीएच.डी. सक्तीची होणार होणार म्हणता म्हणता 2023च्या जूनअखेर ती अट निघाली. ज्यांनी त्या अटीपायी प्रवेश घेतला होता त्यांना कुणी विचारलं नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारे माझे सीनिअर दर जूनला नव्यानं मुलाखत देतात.

म्हणून ‘करिअरची अनिश्चितता आणि तरुण’ असला सिनॉप्सिस घेऊन गाईडकडं जाऊ नका. तो विषय नाही, ते दुःख आहे. त्यातून असा प्रश्न काढा : एका घरातल्या एका वाट बघण्याचा खर्च कोण, किती वर्षं, काय सोडून भागवतं? याचं उत्तर शोधता येतं. वही, पावत्या, उधारी, मोडलेलं सोनं, राहिलेलं ॲडमिशन. माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्न आता पहिला आहे. गाईड म्हणाले, ‘फार वैयक्तिक होतंय.’ मी तो ठेवलाय. पुढच्या महिन्यात प्रगती अहवालाच्या सादरीकरणात समिती काय म्हणते ते बघू.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा अवघड नाही. ग्रंथालयात आधी प्रस्तावना वाचा आणि बाकीचं वाचताना शेजारी एक कागद ठेवा. पानात न आलेल्या माणसांची यादी त्यावर करत जा.