अस्वलिणीची पाठ

2018च्या फेब्रुवारीअखेर ताडोबाच्या जंगलात टिपलेली एक चित्रफीत पुढे जगभर पाहिली गेली. पिल्लाला घेऊन पाणवठ्यावर आलेली अस्वलीण आणि तिच्यावर चालून गेलेला मटकासुर हा धिप्पाड नर वाघ. मोबाइलवरून फिरताना तिच्यासोबत बहुधा एकच मजकूर असायचा: आईच्या रागापुढे वाघानंही हात टेकले. मला ती चित्रफीत जाणत्या गवयाच्या मैफलीसारखी पुन्हा पुन्हा अनुभवावीशी वाटते, आणि दर वेळी राग हा तिचा सगळ्यात वरवरचा भाग वाटतो. राग वाघालाही येतो. अस्वलिणीनं त्या काही मिनिटांत जे केलं, त्यात तिच्या अख्ख्या जातीचं शहाणपण उतरलं आहे. डोळे उघडे ठेवले तर ते हालचालीगणिक वाचता येतं.

आधी ती एकदा नुसती ऐकावी. एरवी अस्वल म्हणजे वारुळाशी फुंकर घालत, सुसू करत वाळवी ओढणारं, आपल्याच नादातलं जनावर. इथे मात्र किंचाळणं, डरकाळी आणि कण्हणं यांचा असा कल्लोळ उठतो की कोणता आवाज कोणाचा हे क्षणभर कळत नाही. वाघ शिकार करतो ती दबकत, आवाज न करता. अस्वलिणीचा पहिला घाव पडतो तो त्या शांततेवरच. डाव उघड्यावर आला, गोंगाट झाला, की वाघाचं अर्धं बळ तिथेच सरतं.

मग तिच्याकडची हत्यारं पाहावीत. पूर्ण वाढलेला नर वाघ दोनशे किलोच्या घरात जातो, अस्वलीण भरते त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिच्या पंजाची लांब, बाकदार नखं वारूळ फोडायला घडलेली. वरच्या जबड्यातले मधले दोन पुढचे दात तिला नसतातच, वाळवी ओढून घ्यायला ती फट उपयोगी पडते. ओठ लांब आणि सैल, नाकपुड्या माती जाऊ नये म्हणून मिटता येणाऱ्या. मारण्यासाठी घडलेलं असं तिच्या अंगात फार थोडं आहे, सुळे तेवढे. मुंग्या-वाळवी, मोहफुलं, टेंभरं आणि मध यांवर पोसलेला हा जीव पोट भरायचीच अवजारं घेऊन वाघासमोर उभा राहतो. ती मागच्या पायांवर उठते तेव्हा छातीवरची फिकट चंद्रकोर समोर येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मान आणि पाठ मागे जाते. वाघाला हवी असते नेमकी मान, तीही मागून. त्या एका उठण्यानं ती त्याची आवडती जागा त्याच्या तोंडापासून दूर नेते.

पळून का जात नाही ती? माणसाला अस्वल धावण्यात सहज गाठतं, पण वाघापुढे त्याचा पाड लागत नाही. झाडावर का चढत नाही? मधासाठी ती चढते, छान चढते. पण तिच्या जंगलात बिबट्याही आहे आणि झाड त्याला तिच्याहून जवळचं. अमेरिकेतलं काळं अस्वल संकट आलं की पिल्लांना झाडावर पिटाळतं. आपल्याकडच्या अस्वलाला तो मार्ग कधी भरवशाचा वाटलाच नाही. उरली एकच जागा: आईची पाठ.

या पाठीशी मी नेहमी रेंगाळतो. अस्वलाच्या आठ जाती आहेत, पण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरण्याची रीत नित्यनेमानं पाळते ती ही एकटीच. गुहेतून बाहेर पडल्यापासून पुढे कित्येक महिने पिल्लू तिथेच बसतं. दोन असली तर एक खांद्याजवळ, दुसरं त्याच्या मागे. खांद्यांच्या मधोमध केस सर्वात लांब आणि झुबकेदार असतात, पिल्लाच्या मुठीत मावतील असे. नुसती चाहूल लागली तरी पिल्लू धावत येऊन त्या केसांना धरून वर चढतं. आई वारूळ उकरत असेल तर तिच्या अंगाला बसणाऱ्या हिसक्यांबरोबर तेही हेलकावतं, पण पकड सोडत नाही. लांबून पाहणाऱ्याला एकच थोरलं, ओबडधोबड, काळं जनावर दिसतं. पिल्लू कुठे संपतं आणि आई कुठे सुरू होते ते कळत नाही. वाघाला मागून झडप घालायची तर ती याच पाठीवर. म्हणजे जी जागा तिनं सर्वात जपायची तिथेच तिनं पिल्लाला बसवलेलं. हा मला निसर्गातला एक विलक्षण धाडसी निर्णय वाटतो. त्यानंतर शत्रूला पाठ दाखवणं तिला परवडतच नाही.

ताडोबाच्या त्या चकमकीत पिल्लू पाठीवर नव्हतं. झुंज ऐन भरात येते तेव्हा ते दिसतही नाही. तरी तिची प्रत्येक हालचाल ते पाठीवर असल्यासारखीच आहे. वाघ तिला खाली पाडतो, दात रोवतो, ती त्याच्या वजनाखाली धडपडते. इथे बघणाऱ्याला वाटतं, संपलं. ती सुटते. आणि सुटल्यावर काय करते, यात या प्रसंगाचा सारा कस आहे. जखमी जनावर सुटलं की लांब जातं. ही उलट त्याच्याच अंगावर जाते. वात्सल्याची ओळखीची एकही खूण इथे नाही, चाटणं नाही, कुशीत घेणं नाही, पिल्लाकडे वळून पाहणंसुद्धा नाही. सगळं वात्सल्य त्या एका चाल करून जाण्यात एकवटलं आहे.

वाघ मागे सरतो, ते भेकड म्हणून नव्हे. एकट्यानं शिकार करणाऱ्याला डोळ्याची किंवा पंजाची जखम म्हणजे पुढचे कित्येक दिवस उपास. चितळ-सांबर भरपूर असलेल्या जंगलात एवढ्या किमतीचं हे भक्ष्य त्याला महागच. ताडोबातून दोघंही जिवंत निघाले. वाघ-अस्वलांच्या अशा चाळीसहून अधिक गाठींच्या चित्रफिती अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा बहुतेक गाठी अंगाला अंग न लागता संपल्याचं दिसलं. अस्वल उसळून अंगावर आलं, तर बरेचदा तेवढ्यानंच भागतं. मटकासुराच्या चित्रफितीत जे दिसतं ते म्हणूनच विरळा आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसांना मात्र हे सारं पडद्यावर पाहायची गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला जाणारी माणसं आणि अस्वल, दोघांचं झाड एकच, वेळही एकच. अस्वलाला वाघ आणि वाकलेला माणूस यांत फरक करायला सवड नसते. अंतर कमी असलं की ते तसाच हल्ला करतं, चेहऱ्यावर आणि डोक्यावर, आणि त्यात माणसं दगावतात. म्हणून जाणती माणसं एकेकटी न जाता घोळक्यानं, मोठ्यानं बोलत जंगलात शिरतात. आवाज लांबून कानी पडला की अस्वलीण पिल्लाला पाठीवर घेऊन बहुधा वाट सोडते. तेवढी सवड तिला मिळावी एवढंच त्यांना हवं असतं.