ईटनचा काळा कोट आणि सुतकाची गोष्ट

इंग्लंडमधल्या ईटन या मुलांच्या निवासी शाळेचा काळा टेलकोट तुम्ही फोटोत पाहिला असेल. त्यामागची गोष्टही ठरलेली: १८२० मध्ये राजा तिसरा जॉर्ज वारला, मुलांनी सुतक म्हणून काळे कपडे घातले, ते आजतागायत. ऐकायला छान, पण पुरावा कुठाय?

१८६२ मध्ये क्लॅरेंडन आयोगाने मुख्याध्यापक एडवर्ड बाल्स्टन यांना पोशाखाबद्दल विचारलं. उत्तर असं की ठरावीक गणवेश नाही. गळ्याला पांढरा पट्टा आणि डोक्यावर साधी गोल हॅट सक्तीची. पिवळा कोट वगैरे भडक काही चालणार नाही, बाकी ज्याची त्याची आवड. म्हणजे राजा जाऊन ४२ वर्षं झाली तरी काळ्याची सक्ती नव्हतीच!

आता इथे घाई करू नका. ही साक्ष नियमाबद्दल आहे, सवयीबद्दल नाही. बरीच मुलं आपणहून काळं घालत असतीलही. पण सुतकाच्या गोष्टीवर माझा खरा आक्षेप वेगळा आहे. नंतर कधीतरी कोणीतरी केलेला नियम ती राजनिष्ठा म्हणून खपवते, आणि मग तो कोणी केला, कशासाठी केला, हे कोणी विचारतच नाही.