आलेले मोजले, न आलेल्यांचं काय?

नायगावकर मंडळी, मधुमेहावर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. रास्त आहे. औषध आम्ही सांगणार नाही. एखादा उपक्रम 'यशस्वी' कधी म्हणायचा, एवढंच आज तपासू.

शेजारच्या लातूरचंच उदाहरण घेऊ. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांच्या आधारे, 'दोनदाच जेवा, 55 मिनिटांत जेवण संपवा' हे घरोघरी पोचवलं. गुण आधी सांगू. वेगळी पावडर, महाग अन्न आणावं लागत नाही. घरचंच जेवण, फक्त दोनदा. शिवाय आधी रक्त तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असा आग्रह आहे. 'एचबीएवनसी' साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते. आदल्या रात्री उपाशी राहून तिला फसवता येत नाही.

मग आमची हरकत कुठं? पुराव्यापाशी. सभेत एखादा उठतो, 'माझी 9 वरून 6.5 वर आली' म्हणतो. तो खरंच बोलतोय. पण आपल्या नैयायिकांनी दोन पायऱ्या सांगितल्यात. धूर तिथं अग्नी, हा अन्वय. अग्नी नाही तिथं धूरही नाही, हा व्यतिरेक. दुसरी गाळली की उरतो काकतालीय न्याय: कावळा बसला अन् फळ पडलं! साखर फार चढली की माणूस जागा होतो. मग तो चालायला लागतो, चहातली साखर सोडतो, गोळी वेळेवर घेतो. शिवाय फार चढलेला आकडा पुढच्या मोजणीत बरेचदा आपसूक थोडा उतरतो. आता श्रेय कुणाला द्यायचं?

ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासाचा निकाल 2017 मध्ये आला. 149 जणांना कमी उष्मांकाचा आहार, 149 जणांना नेहमीचे उपचार. वर्षाअखेर औषधाविना साखर मधुमेहाच्या रेषेखाली असलेले पहिल्या गटात 46 टक्के, दुसऱ्यात 4. हा झाला व्यतिरेक. ज्यांची तपासणी हाती आली नाही, त्यांना अपयशात धरलं. दोन वर्षांनी 46 चे 36 झाले, तेही छापलं. आम्हाला त्या 46 पेक्षा हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

सरकारलाही हीच फूटपट्टी लावू. 2025 पर्यंत रक्तदाब-मधुमेहाच्या साडेसात कोटी लोकांना प्रमाणित उपचारांखाली आणायचं, असं केंद्रानं 2023 मध्ये जाहीर केलं. नोंद किती झाली हा एक प्रश्न. टिकले किती, साखर आटोक्यात किती जणांची, हा वेगळा. आशाताईंच्या वहीत नाव चढतं, अन् दिवाळीनंतर तो माणूस कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. फडावर त्याला गोळ्या कोण देणार? त्यानं ऐकीव माहितीवर दोनदाच जेवायचं ठरवलं, साखर उतरवणारी गोळी मात्र तशीच चालू ठेवली, तर तोडणी करता करता साखर एकदम उतरून तो फडातच कोसळेल. अशा माणसाची नोंद कुठल्या तक्त्यात होते?

म्हणून आमचं मागणं साधं आहे. उपक्रम कुणाचाही असो, सुरुवातीला आलेल्या सगळ्यांची यादी ठेवा, न परतलेल्यांच्या घरी जा, कारण विचारा. तुम्हीही आपल्या मनानं गोळ्या सोडू नका, जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. अन् पुढच्या सभेत 'फायदा कुणाला झाला?' असं विचारून झालं, की हात वर करून एवढं विचारा: 'मधेच सोडलं कुणी, अन् का?'

आता तुमचे प्रश्न घेऊ.