इनामगावच्या रांजणात 'प्रमुख'च बसलाय का?

मायसीनीच्या राजथडग्यांची गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते. १८७६ मध्ये श्लीमानला तिथे सोन्याचे मुखवटे सापडले आणि त्यातल्या एकाला अ‍ॅगमेम्नॉनचं नाव चिकटलं. ती थडगी निघाली इ.स.पू. १६व्या शतकातली, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ धरतात त्याच्या तीनेकशे वर्षं आधीची. मुखवटा खरा, नाव मात्र उसनं.

आता आपल्या इनामगावकडे (जि. पुणे) या. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ दरम्यान इथे उत्खनन केलं. दोनशेहून जास्त दफनं मिळाली. मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत, मोठी माणसं जमिनीत आडवी, आणि त्यांची पावलं बहुधा तोडलेली. एक पुरुष मात्र पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला, पावलांसकट. घराला लागून धान्याचं कोठार. ढवळीकरांनी यावरून इथे गावप्रमुख असावा असं मांडलं.

मांडणी मला आवडते, कारण ती एका वस्तूवर उभी नाही. आणि गाव एवढं पसरून खणलं म्हणूनच 'हे दफन वेगळं आहे' असं म्हणता येतं. चार खड्डे घेऊन ते जमलं नसतं.

पण एक गाठ सुटत नाही. घर प्रमुखाचं का? तर अंगणात असं दफन आहे. दफन प्रमुखाचं का? तर घर मोठं आहे. हे गोल गोल फिरणं झालं! तो कोठार सांभाळणारा असेल, पुजारी असेल. 'वेगळा' हा पुरावा आहे. 'सत्ताधारी' हा आपण लावलेला अर्थ.

मी वाशिमचा, त्यामुळे हा फरक लवकर डोळ्यांत भरतो. आमच्याकडे, म्हणजे जुन्या वत्सगुल्मात, उलटी स्थिती आहे. वाशिमचा ताम्रपट दुसऱ्या विंध्यशक्तीचं नाव सांगतो, राज्यवर्ष ३७ सांगतो, गाव दान दिल्याचंही सांगतो. तिथे राजा लिखित आहे. इनामगावात लिपीच नाही, म्हणून 'प्रमुख' हा शब्द प्रबंधात येईल तेव्हा 'असावा' सोबत घेऊनच यावा.

कुणाला यावर काम करायचं असेल तर उत्खननाचा अहवाल काढा आणि आधी एकच गोष्ट बघा: रांजणाचा खड्डा घराच्या कोणत्या जमिनीतून खाली उतरतो. घर नांदतं असतानाच तो खणला असेल, तरच घर आणि माणूस एकत्र बोलू शकतात.