एलायझाचा ह

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये फुलं विकणारी एलायझा पहिल्यांदा सलग बोलते ती कॉव्हेंट गार्डनमधल्या चर्चच्या दारात, पावसात. तिची ही वाक्यं शॉने कानाला ऐकू येतात तशीच कागदावर उतरवली आहेत. 'ही' (म्हणजे 'तो') या इंग्रजी सर्वनामातला ह त्यांत प्रत्येक वेळी गळालेला, शब्द एकमेकांत घुसलेले. नुसत्या डोळ्यांनी अर्थ लागत नाही, मोठ्याने वाचावं लागतं. आणि लगेच शॉ कंसात माफी मागून मोकळा होतो: ध्वनिलिपी हाताशी नसताना हे पुढे रेटलं, तर लंडनबाहेर कुणाला काही कळायचं नाही. भर प्रवेशात नाटककाराने असे हात टेकावेत, हे मला फार आवडतं. इंग्रजी स्पेलिंग किती लंगडं आहे, हे सांगायला खरं तर एवढं पुरे होतं. शॉने त्यावर प्रस्तावनाही लिहिलीच, हा त्याचा स्वभाव.

ह म्हणजे तोंडात कुठेही न अडलेला श्वास. जिभेला काम नाही, ओठांना नाही. इतकं बिनकष्टाचं व्यंजन, पण त्या काळच्या इंग्लंडात त्यावरून माणसाची पायरी ठरायची. 'हाउस'ला 'आउस' म्हणणारा कितीही पैसेवाला असो, दिवाणखान्यात उघडा पडायचा. बरं, 'अवर' आणि 'ऑनर' लिहिताना ह असतो, पण तो उच्चारला तर तीही फजितीच. शब्दाच्या मधल्या ट चंही तसंच. 'बटर', 'लिटल' म्हणताना लंडनच्या कामकरी वस्तीतला कॉकनी माणूस जीभ हलवतच नाही, ट घशातच दाबतो. श्वास कुठे सोडायचा नि कुठे गिळायचा, हे घरातूनच ठाऊक असावं लागतं.

याच नाटकावरच्या 1964च्या 'माय फेअर लेडी' चित्रपटात एलायझापुढे ज्योत ठेवतात. ह नीट उच्चारला की ज्योत थरथरते. दृश्य मजेदार आहे, पण शॉच्या नाटकात जे आहे त्यापुढे उथळ. शॉचा तिसरा अंक पाहा. एलायझाला उच्चार शिकवणाऱ्या प्राध्यापक हिगिन्सच्या आईकडे पाहुणे जमलेत, तिचं प्रत्येक व्यंजन घासूनपुसून लख्ख झालंय आणि त्या निर्दोष उच्चारांत ती सांगते काय, तर मावशीला घरच्यांनीच संपवलं असावं आणि मावशीला जिन म्हणजे आईचं दूध होतं. निघताना 'ब्लडी' म्हणते, तेही स्वच्छ, ठाशीव. 1914 साली लंडनमध्ये एलायझा झालेल्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेलच्या तोंडी हा शब्द आला आणि केवढी खळबळ उडाली. (इंग्रजी व्यंजनांवरच्या या नाटकाचा पहिला प्रयोग मात्र 1913मध्ये व्हिएन्नात, जर्मन भाषेत झाला!) व्यंजनं बदलली म्हणून बाई बदलत नाही. आणि दिवाणखान्यातल्यांना ते कळतही नाही. त्यांना वाटतं, ही बोलण्याची नवी फॅशन.

पु. ल. देशपांडे यांनी 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिली तेव्हा हा ह मराठीत आणण्यात अर्थ नव्हता. 'नाही'चं 'नाय' आपल्याकडे शिकलेलाही सहज म्हणून जातो. आपली पायरी ठरते ती न आणि ण वरून, 'पानी' आणि 'पाणी' यावरून. जीभ टाळूकडे वळली की नाही, एवढ्यावर.

मूळ नाटकातली मला सर्वांत देखणी वाटणारी जागा पाचव्या अंकात आहे. एलायझा शांतपणे सांगते की जुनी बोली आता तिला येतच नाही. तेवढ्यात लग्नाच्या पोशाखातला बाप खांद्याला हात लावतो आणि पहिल्या अंकातलं तेच केकाटणं तिच्या तोंडून निसटतं. त्या केकाटण्यात व्यंजन नाहीच. नुसते स्वर, लांबवलेले. हिगिन्स जिंकल्यासारखा ओरडतो. पण थोड्याच वेळात ती त्याला सुनावते की तिचा कान त्याच्यापेक्षा तयार आहे, ती पेपरात जाहिरात देईल आणि हजार गिनी घेऊन सहा महिन्यांत कुणाही पोरीला डचेससारखं बोलायला शिकवील. तेव्हा मात्र हिगिन्स थक्क होतो.