अॅम्प्लिफायरखालचे रबरी पाय आणि राजूरचा ब्लास्ट

राजूरला मामांकडे गेलं की दुपारी कधीतरी खुल्या खाणीत ब्लास्ट होतो, खिडकीची काच थरथरते, आणि कोणी मान वर करून पाहतही नाही. त्याच घरात यंदा अॅम्प्लिफायरखाली चार रबरी पाय आले. किंमत सहा हजार. मामा म्हणाले, "पाह्य बरं, आवाज कसा मोकळा झाला!" मीही "हो, वाटतो फरक" म्हणून मोकळा झालो. पीएच.डी. करणाऱ्याने असं बोलू नये, म्हणून ही पोस्ट.

खोक्यावरचा दावा असा, की पाय कंपनं शोषतात आणि संगीत शुद्ध होतं. यात दोन दावे एकात दडलेत.

पहिला, पाय कंपन अडवतो. पण कोणतं? वजनाने रबर जितकं दबतं त्यावरून त्याची नैसर्गिक वारंवारिता काढता येते: दाब सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याच्या वर्गमुळाने ५ ला भागा. मामांचे पाय साधारण अर्धा मिलिमीटर दबले होते, म्हणजे सुमारे २२ हर्ट्झ. अडवणूक सुरू होते त्याच्या १.४ पटीनंतर, ३१ हर्ट्झच्या पुढे. (हलत्या भाराखाली रबर जास्त ताठ वागतं, त्यामुळे खरा आकडा आणखी वरच.) खाणीच्या ब्लास्टची जमिनीतली कंपनं बहुतेक याच्या खालची. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७च्या मर्यादाही ८ आणि २५ हर्ट्झच्या टप्प्यांवर बदलतात. म्हणजे ब्लास्टच्या वेळी हे पाय कंपन अडवत नाहीत. २२च्या आसपास तर वाढवतात!

दुसरा, अडवल्याने आवाज सुधारतो. रेकॉर्ड प्लेअर असता तर मी गप्प बसलो असतो. सुईला खाचेतलं कंपन आणि टेबलाचं कंपन वेगळं कळत नाही. व्हॉल्व्हच्या जुन्या अॅम्प्लिफायरवर टिचकी मारली तर ती स्पीकरमधून ऐकू येते. मामांचा आहे ट्रान्झिस्टरचा. त्याच्यावर टिचकी मारून पाहिली, स्पीकर गप्प.

मग चाचणी घेतली. मामेभावाने पडद्यामागे नाणं उडवून पाय लावायचे किंवा काढायचे, आवाजाची पातळी तीच, गाणं तेच. दहा फेऱ्या. मामांची सहा उत्तरं बरोबर, माझी पाच. नुसत्या अंदाजाने सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता जवळपास ३८ टक्के असते. नऊ आली असती तर मी खुर्चीत सावरून बसलो असतो.

पण माझ्या चाचणीचीही उलटतपासणी करा. पाय बदलायला दोन मिनिटं लागत, तेवढ्यात कानातला बारीक तपशील विसरला जातो. दहा फेऱ्यांत लहान फरक निसटू शकतो. त्यामुळे "फरक नाही हे सिद्ध झालं" असं मी लिहिणार नाही. मामांनाही तो सिद्ध करता आला नाही, एवढंच.

मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग त्या दिवशी हो कायले म्हटलं होतं?"